टॉरिक लेन्स चष्म्याच्या नंबरावरून ठरत नाही

महोदय,

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कोणती लेन्स बसवायची, ही चर्चा बहुधा ‘साधी की महागडी’ एवढ्याच प्रश्नापाशी थांबते. सिलिंडरचा नंबर डोळ्याच्या आतच घालवणारी टॉरिक लेन्सही त्याच महागड्या गटात ढकलली जाते आणि ऐपत असेल तर घ्यावी, नसेल तर सोडून द्यावी, असा रुग्णाचा समज होतो. माझी तीस वर्षे चष्म्याच्या काचा फ्रेममध्ये बसवण्यात गेली आणि गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे मला हा प्रश्न ऐपतीच्या आधी मोजमापाचा वाटतो.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सगळीकडे सारखा गोल नसला आणि चमच्याच्या पाठीसारखा एका दिशेने कमी व दुसऱ्या दिशेने अधिक वळलेला असला, की प्रकाशकिरण एका बिंदूत एकत्र येत नाहीत. हाच अ‍ॅस्टिग्मॅटिझम. चष्म्याच्या चिठ्ठीवर तो ‘सिलिंडर’ (दोष किती) आणि ‘अ‍ॅक्सिस’ (अक्ष, म्हणजे तो कोणत्या दिशेने, अंशांत) या दोन रकान्यांत लिहिलेला असतो. मात्र चिठ्ठीवरचा हा सिलिंडर एकट्या कॉर्नियाचा नसतो, त्यात डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाचाही वाटा असतो. शस्त्रक्रियेत ते भिंगच काढून टाकले जात असल्याने त्याचा वाटा त्याच्याबरोबर जातो आणि मागे उरतो तो कॉर्नियाचा.

माझ्या डाव्या डोळ्याच्या चष्म्यात सिलिंडर 1.25 होता, तेव्हा या डोळ्याला टॉरिकच लागणार असे मी आधीच धरून चाललो होतो. कॉर्नियाची वक्रता मोजली तेव्हा तिथला दोष अर्ध्या डायॉप्टरपेक्षाही (नंबर मोजण्याचे एकक) कमी निघाला आणि डॉक्टरांनी साधी लेन्स पुरेशी असल्याचे सांगितले. उजव्या डोळ्याचे नेमके उलटे झाले. चष्म्यात जेमतेम 0.50, पण कॉर्नियावर 1.75. इतकी वर्षे कॉर्निया आणि भिंग यांचे दोष एकमेकांना खोडत आले होते. भिंग काढून तिथे साधी लेन्स बसवली असती, तर जो नंबर मला कधी जाणवलाच नव्हता तो शस्त्रक्रियेनंतर उघडा पडला असता. या धंद्यात राहूनही माझे दोन्ही अंदाज चुकले, हे कबूल करायला हवे.

म्हणून मोजणीची घाई नको. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या आधी बंद ठेवाव्यात आणि डोळे कोरडे पडत असतील तर त्यावर आधी उपचार व्हावेत, कारण या दोन्हींमुळे कॉर्नियाचे आकडे बदलतात. कॉर्नियाचा आकारच वेडावाकडा असेल तर टॉरिक लेन्सचा भरवसा देता येत नाही.

दुसरी बाब अक्षाची. सिलिंडरची काच घासण्याआधी आम्ही तिच्यावर लेन्सोमीटरने, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्राने, शाईचे तीन ठिपके उमटवतो आणि त्या रेषेवरच ती फ्रेममध्ये बसवतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी मला ताठ बसवून, समोर बघायला सांगून, डोळ्यावर शाईच्या खुणा केल्या तेव्हा मला हसूच आले. पण कारण पक्के आहे. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत काही अंश फिरतो, त्यामुळे आडवे झाल्यावर खूण करून चालत नाही. टॉरिक लेन्स ठरलेल्या अक्षापासून एक अंश सरकली की तिचा सुमारे 3.3 टक्के परिणाम वाया जातो. दहा अंशांना एक तृतीयांश जातो, तीस अंशांना जवळजवळ सगळाच, आणि त्यापुढे लेन्स आधीच्या दोषात भरच घालते. चष्म्याची काच सरकली तर ती काढून पुन्हा बसवता येते. डोळ्यातली लेन्स फिरवायची तर पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागते.

लेन्स सरकायची ती बहुतेक वेळा पहिल्या काही तासांतच सरकते. पुढे भिंगाची पिशवी, जिच्यात ही लेन्स बसवलेली असते, आक्रसून तिला धरून ठेवते आणि मग तिला जागेवर आणणे अवघड होते. तेव्हा अंधुक दिसत असेल तर महिनाभर वाट पाहू नये, ठरलेली पहिली तपासणी तर मुळीच चुकवू नये.

‘टॉरिक घेतली की चष्माच नको’ असे मलाही एका समुपदेशन कक्षात ऐकवण्यात आले होते. दूरच्या नजरेसाठी बसवलेली एकफोकसी टॉरिक लेन्स वाचनाचा चष्मा घालवत नाही. मी हे पत्रही चष्मा लावूनच लिहितो आहे. रुग्णाला हे आधी सांगितले नाही तर उत्तम झालेली शस्त्रक्रियाही त्याला फसवणूक वाटते, आणि मग तो शिव्या देतो त्या डॉक्टरांना.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. शस्त्रक्रियेआधी प्रत्येक रुग्णाला कॉर्नियाचा मोजलेला आकडा चष्म्याच्या आकड्याशेजारी लिहून मिळावा. आणि घरी जाताना हाती येणाऱ्या लेन्सच्या कार्डावर पॉवरबरोबर ठरवलेला अक्षही असावा. माझ्या कार्डावर उजव्या डोळ्यासाठी ‘85’ हा आकडा होता, पण तोही मी मागितल्यावर पेनाने लिहून दिलेला.

आपला नम्र,
चष्म्याच्या व्यवसायातील एक वाचक