नोटिशीवर अपिलाची एक ओळ छापा

मा. संपादक,

ओळखीतल्या एका मुलाला मी जामीन राहिलो होतो. एका तारखेला तो टायफॉईडने दवाखान्यात होता, वकिलाला कोणी कळवले नाही. पुकारा झाला, वॉरंट निघाले. पुढच्या तारखेला तो स्वतः हजर झाला, वॉरंट रद्द झाले. विषय मिटला असे आम्ही समजलो.

महिन्याभराने शिपाई माझ्या दारात नोटीस घेऊन आला. जामीनखत जप्त झाले आहे, रक्कम का वसूल करू नये याचे कारण दाखवा. आरोपी हजर झाला की जामीनदार सुटला, असे बहुतेक जण धरून चालतात. तसे नसते. आरोपीचा वकील आरोपीपुरता. जामीनदार तिथे एकटाच उभा असतो. मला नीट बोलता आले नाही आणि पूर्ण रक्कम भरण्याचा आदेश झाला. त्या कागदावर रक्कम ठळक होती, अपिलाचा उल्लेख कुठेही नव्हता.

जो तो म्हणाला, भरून मोकळे व्हा. कोर्टाच्या आवारात टंकलेखन करणाऱ्या गृहस्थांनी मात्र आदेशावरची तारीख बोटाने दाखवली. ‘काका, आधी नक्कल मागा. अपिलाच्या तीस दिवसांतले नऊ गेलेत.’

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९५ नुसार (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४४९) दंडाधिकाऱ्यांच्या अशा आदेशावर सत्र न्यायालयात अपील होते. मुदत ३० दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. सत्र न्यायालयाचाच आदेश असेल तर उच्च न्यायालयात, ६० दिवसांत. उशीर झाला तर सबळ कारण देऊन विलंबमाफी मागता येते. अपील दाखल केले म्हणून वसुली थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. हे मला ऐनवेळी कळले.

कलम ४९१ मध्ये कारणे नोंदवून रकमेचा काही भाग माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. दवाखान्याचे कागद आम्ही खालच्या न्यायालयात दाखवलेच नव्हते, ते अपिलात दाखवले. रक्कम चौथाईवर आली. ती मी भरली आणि त्याबद्दल तक्रार नाही. सही माझी होती. ज्यांना म्हणणे मांडण्याची संधीच मिळाली नाही, त्यांची बाजू तर याहून भक्कम. जामीनदाराला संधी न देता वसुली करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच गुलाम मेहदी प्रकरणात सांगितले आहे.

पण मुदत टळून गेल्यावर हे कळून काय उपयोग? वसुली झाली नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. म्हणून नोटिशीवर आणि आदेशावर अपील कुठे व किती दिवसांत करायचे, हे मराठीत छापावे. सही घेतानाच, नको असेल तेव्हा कलम ४८९ खाली अर्ज देऊन जामीनकीतून मुक्त होता येते, हेही सांगावे. आपल्या वृत्तपत्रातून हे उच्च न्यायालय प्रशासनापर्यंत पोहोचावे, ही विनंती.

– एक जामीनदार