रेक्सिंगनच्या काकूंना

काकू,

सप्रेम नमस्कार. तुम्हाला मराठी येत नाही हे माहीत असूनही पत्र मराठीतच लिहितोय, कारण माझं जर्मन 'डांके'पाशीच अडखळतं. वाचून दाखवायला मी येईनच.

नोकरीसाठी जर्मनीत, हॉर्बला येऊन दोन वर्षं झाली, पण शेजारच्या रेक्सिंगनमधलं ते चर्च मूळचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८३७ सालचं, याचा मला पत्ताच नव्हता. मी पाटी वाचायची खटपट करत होतो. तुम्ही सायकल भिंतीला टेकवलीत आणि पाच मिनिटं म्हणून थांबलात, ते चांगले तीन तास.

ज्यू म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर बर्लिन आणि छळछावण्या. एवढ्याशा खेड्यात ते आले कुठून? तुम्ही सांगितलंत: पंधराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या व्युर्टेम्बर्ग राज्याच्या राज्यकर्त्यांनी त्यांना हाकललं, आणि आसपासच्या लहानसहान जहागीरदारांनी संरक्षणाचा कर घेऊन राहू दिलं. शेतजमिनीला बंदी, कारागिरांच्या संघात मज्जाव. मग गुरांचा व्यापार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे चारशेवर ज्यू होते, गावाचा जवळजवळ तिसरा हिस्सा!

आणि ती व्यापाऱ्यांची बोली, लेकूदेश. घोडा म्हणजे 'सूस'. आकडे हिब्रू अक्षरांवरून: ओल्फ, बेस, किम्मेल, म्हणजे एक, दोन, तीन. ऐकून ऐकून ख्रिस्ती शेतकरीही ती शिकले, म्हणजे गुपित कसलं राहिलं! मला हसू आवरेना. आमचे बाबा खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंडाचा सौदा करायचे, तेव्हा दलालाचा आणि त्यांचा हात रुमालाखाली. भाव बोटांनी ठरायचा. तुम्ही लगेच तुमचा स्कार्फ सोडून पुढे केलात, दाखव म्हणून.

फेब्रुवारी १९३८ मध्ये इथली काही कुटुंबं मिळून पॅलेस्टाईनला निघाली आणि १३ एप्रिलला समुद्रकाठी 'शावेई त्सिओन' नावाचं गाव वसवलं. त्याच नोव्हेंबरात सिनेगॉगला आग लावली गेली. ती विझवल्यामुळे भिंती वाचल्या. मागे राहिलेल्यांपैकी अनेकांना १ डिसेंबर १९४१ रोजी श्टुटगार्टहून लाटव्हियातल्या रीगाला धाडलं.

इथे तुम्ही थांबलात. मग मी न विचारताच म्हणालात की त्यांच्या घरांतल्या सामानाचा लिलाव झाला, आणि तुमच्या आजोळचं एक कपाट त्यातलंच. लहानपणी तुम्ही त्यात लपायचात. एका परक्या माणसाला हे सांगायचं काही कारण नव्हतं. तुम्ही सांगितलंत, आणि नंतर सायकलचं हँडल उगाच पुसत राहिलात. काकू, खरे आभार त्या कपाटासाठी.

दुसऱ्या रविवारी तुम्ही टेकडीवरची ज्यूंची दफनभूमी दाखवलीत. मी शेवंतीची फुलं घेऊन आलो होतो. तुम्ही हळूच माझ्या तळहातावर एक खडा ठेवलात, इथे फुलं नाही, हा ठेवायचा. एका दगडावर आशीर्वाद देणारे दोन हात कोरलेले होते, पुरोहितवंशाची खूण. त्याच्या माथ्यावर मी तो ठेवला. फुलं मात्र तुम्ही घरी नेलीत, काचेच्या बरणीत घातलीत, वर म्हणालात, वाया कशाला घालवायची? अगदी माझ्या आईसारखं.

मे महिन्यात आई-बाबा येताहेत. बाबांना गुरांच्या व्यापाऱ्यांबद्दल फोनवर सांगितलंय, तर त्यांचे प्रश्न आत्तापासूनच सुरू: त्यांची गाय दूध किती द्यायची, दलाली कोण भरायचं? तुम्ही उत्तरं तयार ठेवा. दुभाषी मी आहे. रुमाल ते स्वतःचा आणणार आहेत.

तुमचा,
हॉर्बचा शेजारी