बाग म्हणून नव्हे, रस्ता म्हणून आखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहराची जुनी वस्ती आणि नवी वस्ती जोडणाऱ्या लांबट उद्यानांविषयी रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. सोबतची चित्रंही पाहिली. चित्रं सुरेख आहेत. झाडं एकाच उंचीची, माणसं सगळी तिशीतली आणि कुणाच्याही हातात पिशवी नाही. मी चौतीस वर्षं रस्त्यांचे आराखडे काढले, त्यामुळे असं चित्र समोर आलं की माझी नजर आधी कडेला जाते, कागद संपतो तिथे. छापलेल्या एकाही चित्रात उद्यानाचं टोक दिसत नाही. हे पत्र त्या टोकांबद्दल आहे.

पण आधी एक मूळ प्रश्न. ही बाग आहे की रस्ता? प्रश्न शब्दांचा वाटेल, पण फाइल कुठल्या खात्याच्या टेबलावर जाते ते यावरच ठरतं. उद्यान खात्याकडे गेली की कुंपण, फाटक, उघडण्याची-बंद होण्याची वेळ आणि ‘हिरवळीवर चालू नये’ची पाटी, हे सगळं ओघानेच येतं. रस्ते खात्याकडे गेली तर सिमेंटचे ठोकळे येतात आणि झाडं नंतर बघू म्हणतात. माझं मत सरळ आहे. दोन वस्त्या जोडायच्या असतील तर तो रस्ताच आहे, झाडांमधून जाणारा. रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या माणसाला फाटकाला कुलूप दिसलं तर त्याच्यापुरत्या त्या दोन वस्त्या जोडलेल्या नाहीत. न्यूयॉर्कचा हाय लाइन, म्हणजे जुन्या रेल्वेपुलावरची बाग, ज्याची चित्रं अशा प्रत्येक लेखात असतात, तोही रात्री बंद होतो. फेरफटक्यासाठी ते ठीक, ये-जा करायला त्याचा उपयोग अर्धाच.

गेल्या वर्षी सासूबाईंना व्हीलचेअरमधून अशाच एका हिरव्या पट्ट्यावर नेलं होतं. (गाव सांगत नाही, चूक सगळीकडे तीच आहे.) दुचाकी आत शिरू नयेत म्हणून तोंडाशी दोन लोखंडी खांब रोवले होते. खुर्ची तिथेच अडली. पर्समध्ये टेप ठेवायची माझी सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. मोजलं. खांबांमधली मोकळी जागा ६२ सेंटिमीटर, खुर्ची ६८. मी टेप गुंडाळत होते तेवढ्यात एक मुलगा आला, मोटारसायकलचं हँडल आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे वळवून त्याच फटीतून आरामात आत गेला. सासूबाई म्हणाल्या, “विचार गं त्याला, मला मागे बसवून नेतो का.”

हसून परत फिरलो, पण घरी येऊन मी बराच वेळ कागदावर रेघोट्या मारत बसले. मोटारसायकल अडेल आणि व्हीलचेअर जाईल असं खांबांमधलं अंतर मला काढता आलं नाही, कारण ते नाहीच. खुर्ची नीट जायला ९० सेंटिमीटर तरी मोकळे हवेत आणि तेवढ्यातून मोटारसायकल जातेच. म्हणजे हा प्रश्न लोखंडाने सुटणारा नाही. तिथे येता-जाता माणसांची नजर हवी, दंडाची पावती फाडणारं कुणी हवं. खांब रोवले की काम झालं असं दिसतं, एवढाच त्यांचा फायदा.

आता परदेशातल्या उदाहरणांकडे. मला त्यातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते स्पेनमधलं वालेन्सिया. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे मोठा पूर आला. त्यानंतर तुरिया नदी शहराच्या दक्षिणेकडून नवं पात्र खणून वळवली. कोरड्या पडलेल्या जुन्या पात्रातून मोटाररस्ता नेण्याचा बेत होता. पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवंच हवं, असा धोशा नागरिकांनी लावला. शेवटी १९७६ मध्ये ती जमीन शहराला मिळाली आणि पुढच्या दशकात तिथे बाग आकार घेऊ लागली. आज हा पट्टा साधारण ९ किलोमीटरचा आहे. पण कौतुक करताना एक गोष्ट निसटते. नदीवरचे पूल आधीपासूनच होते. त्यामुळे वाहनं वरून जातात आणि माणसं खालून. चालणाऱ्याला सिग्नलवर थांबावं लागत नाही. ही रचना पुराने आणि नदीने आयती दिली, ती कुणाच्या टेबलावर सुचलेली नाही. ज्या शहराकडे असं कोरडं पात्र नाही त्याने वालेन्सियाची झाडं तेवढी उचलली तर हाती फारसं काही लागणार नाही.

दुसरा प्रकार उन्नत मार्गाचा. पॅरिसमध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९९३ मध्ये सुमारे साडेचार किलोमीटरची बाग झाली. तिचा काही भाग जुन्या कमानींवरून जातो आणि कमानींखाली कारागिरांची दुकानं आहेत. न्यूयॉर्कचा २.३ किलोमीटरचा हाय लाइनही मालगाड्यांच्या जुन्या पुलावरच आहे. त्याचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला. या दोन्ही ठिकाणी पूल आधीच उभे होते, म्हणून ते शोभलं. पण नव्याने खांब उभारून वर बाग करू म्हणणाऱ्यांनी एक साधा गुणाकार करावा. व्हीलचेअरसाठी उताराचं मान्य प्रमाण १:१२. म्हणजे ९ मीटर वर चढायला १०८ मीटर लांब उतार, शिवाय दर पाऊण मीटर चढाला दम खायला सपाट जागा. एकूण सव्वाशे मीटरच्या आसपास. दर प्रवेशाला एवढी जागा कोण देणार? म्हणून मग जिने येतात, लिफ्ट येते, आणि लिफ्ट बंद पडते. शिवाय प्रवेश मोजकेच ठेवावे लागतात. चालणाऱ्याला दर दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर आत-बाहेर करता आलं नाही तर त्या वाटेचा बोळ होतो, मग दोन्ही बाजूंना कितीही फुलं लावा.

म्हणून शक्यतो वाट जमिनीवरच असावी. पण मग ती मोटाररस्त्यांना छेदणार, आणि सगळी गोम त्या छेदांमध्ये आहे. बहुतेक आराखड्यांत हिरवी पट्टी रस्त्याशी येऊन थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते. मधला तुकडा ‘विद्यमान रस्ता’. तिथे उलट व्हायला हवं. वाट आपल्या पातळीवर सरळ जावी आणि मोटारीने उंचवटा चढावा, म्हणजे वेग आपोआप उतरतो. रस्ता फार रुंद असेल आणि सिग्नल ठेवावाच लागला तर वेळ कुणाच्या चालीने धरली ते विचारा. पादचाऱ्याची चाल सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने २४ मीटरचा रस्ता २० सेकंदांत पार होतो. माझ्या वयाची बाई ०.८ ने चालते, तिला ३० लागतात. उरलेले दहा सेकंद ती मोटारींच्या समोर असते.

टोकांचं सांगायचं राहिलंच. नव्या वस्तीकडे इमारतींच्या पाठी आणि उंच भिंती असतात. त्या भिंतींना या वाटेवर उघडणारी दारं पाडायला लावली नाहीत तर संध्याकाळी सातनंतर तिथून कुणी जाणार नाही. जुन्या वस्तीकडे उलटी गत. तिथे दारं भरपूर, पण फूटपाथ नाही. पाच मीटर रुंद देखणी वाट अचानक संपते आणि माणूस उभ्या केलेल्या गाड्यांच्या मधोमध येतो. खरं तर काम याच टोकापासून सुरू करावं, पहिली दोनशे मीटर जुन्या गल्लीतली. तिथे फीत कापण्याजोगं काही दिसणार नाही, हे मान्य.

आणि तिथे आधीपासून बसणारी माणसं? सोलमध्ये २००३ पासून चोंगग्येचोन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडून २००५ मध्ये ५.८ किलोमीटरचा पाण्याकाठचा मार्ग खुला झाला. जगभर वाहवा झाली, पण तिथल्या फेरीवाल्यांना हलवलं गेलं, आणि खाली उतरायचं कसं म्हणून अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला. हाय लाइनच्या दोन संस्थापकांपैकी रॉबर्ट हॅमंड यांनी तर नंतर जाहीरपणे कबूल केलं की शेजारच्या सरकारी घरांतल्या लोकांसाठी आम्ही कमी पडलो. बाग झाली की आजूबाजूची भाडी चढतात. ज्यांच्यासाठी जोडलं तेच उठून दूर गेले तर जोडलं कुणाला? भाडेकरूंचं आणि फेरीवाल्यांचं काय, हे निविदेच्या आधी कागदावर यावं. नंतर कुणी ऐकत नाही.

आपल्याला एवढीच विनंती की पुढच्या वेळी असं चित्र छापाल तेव्हा शेजारी दोन्ही टोकांचा नकाशाही छापा. दोन बोटं रुंद जागा पुरे, फक्त खाली प्रमाण लिहिलेलं असू द्या. बाकीचं आम्ही मोजून घेऊ.

आपली,
एक निवृत्त आरेखक