रॉबिन स्वतःसाठी किती ठेवायचा?

नॉटिंगहॅम,
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

ती. आईस,
मंजूचा शि. सा. नमस्कार.

मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे दादाकडून कळलं, जीव भांड्यात पडला. डोळ्यांना ताण देऊ नकोस. हे पत्र सोहमने तुला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे, कारण यातलं निम्मं त्याच्याचसाठी आहे. गेल्या रविवारी फोनवर त्याने मला विचारलं, "आत्या, तू रॉबिन हूडच्या गावात राहतेस ना? मग सांग, लुटलेल्यातलं तो स्वतःसाठी किती ठेवायचा?" मला सांगता आलं नाही. "लिहून कळवते," म्हटलं आणि आठवडाभर तो प्रश्न डोक्यात घेऊन फिरले.

तुला आधी त्याच्या खेळाविषयी सांगते, म्हणजे हा प्रश्न कुठून आला ते कळेल. 'हूड: आउटलॉज अँड लेजेंड्स' नावाचा २०२१ सालचा खेळ आहे. चार-चार जणांच्या दोन टोळ्या एकाच किल्ल्यात शिरतात. शेरिफच्या, म्हणजे राजाच्या अंमलदाराच्या, कमरेची किल्ली लांबवायची, तिजोरीची खोली शोधायची, पेटी उचलून न्यायची आणि रहाटासारखं यंत्र फिरवून ती वर ओढायची. हे सगळं दुसऱ्या टोळीच्या आधी. मग शेवटी पडद्यावर विचारतात, यातलं किती तुझ्या थैलीत आणि किती लोकांना? सोहम म्हणाला, प्रत्येक वेळी तिथे येऊन तो अडतो. मित्र एका झटक्यात ठरवतात, याला ठरवता येत नाही. मला त्याचं हे अडणं फार आवडलं, आई.

इथे रॉबिन सगळीकडे आहे. किल्ल्याच्या तटाखाली १९५२ साली बसवलेला त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, जेम्स वुडफर्ड या शिल्पकाराने केलेला, धनुष्य ताणून उभा. त्याचा बाण लोक अनेकदा काढून नेतात आणि तो पुन्हा बसवावा लागतो. शहराला शेरिफसुद्धा अजून आहे. आता ते मानाचं पद आहे, समारंभांपुरतं. पण रॉबिनने किती ठेवलं याची नोंद शहरात कुठेच नाही, म्हणून मी बुधवारी बसने एडविनस्टोला गेले. शेरवूडचं जंगल त्या गावालगत सुरू होतं.

जंगल म्हणजे आपल्या महाबळेश्वरसारखं गर्द नाही. वाळूची जमीन, मधे मोकळी कुरणं, पिवळं पडलेलं नेचं आणि म्हातारे ओक. इंग्रज राजांच्या काळी 'फॉरेस्ट' हा शब्दच कायद्याचा होता. राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख, मग त्यात शेतं आणि गावंही आली. तिथलं हरीण मारणं हा राजाचा गुन्हा. हात-पाय तोडण्याच्या आणि फाशीच्या शिक्षा होत्या. १२१७ च्या वनसनदेत लिहून द्यावं लागलं की यापुढे हरणापायी कोणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही. रॉबिनच्या गाण्यांत ताटात कायम हरणाचं मांस असतं ते उगाच नाही. पहिल्यांदा ती गाणी ऐकणाऱ्यांना त्या एका घासाची किंमत ठाऊक होती.

'मेजर ओक' नावाचं ते प्रसिद्ध झाड पाहिलं. हेमन रूक नावाच्या मेजरने १७९० साली त्याचं वर्णन छापलं, तेव्हापासून हे नाव. बुंधा असा की सातआठ माणसांनी हात धरले तरच कवेत यावा. फांद्यांना खांबांचे टेकू दिलेत आणि भोवती कुंपण आहे. खोड आतून पोकळ आहे आणि रॉबिनची माणसं त्यात लपत असं सांगतात. झाडाचं वय कोणी ८०० वर्षं सांगतात, कोणी ११००. ८०० धरलं तर रॉबिनच्या काळी ते रोपटंच असणार. माझ्या शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते. जन्मभर कोळशाच्या खाणीत काम केलेले. जंगलाशेजारची थोर्सबीची खाण २०१५ साली बंद झाली, ती या जिल्ह्यातली शेवटची. ते म्हणाले, लहानपणी शाळेतली आम्ही पोरं त्या ढोलीत शिरायचो, किती मावतो ते मोजायचो. त्यांना मी सोहमचा प्रश्न विचारला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आमच्या आजीच्या गोष्टीत तो काहीच ठेवत नसे."

तेच उत्तर मी लिहून पाठवलं असतं. पण घरी येऊन जुनं गाणं मुळातून वाचायला घेतलं. १५०० च्या सुमारास छापलेलं, 'अ गेस्ट ऑफ रॉबिन हुड' नावाचं लांबलचक कवन आहे. भाषा इतकी जुनी की शब्दकोश मांडीवर घेऊन बसावं लागलं. तीन रात्री लागल्या. आई, सोहमचं उत्तर त्यात अगदी हिशेबासकट आहे.

या गाण्यातला रॉबिन शेरवूडमध्ये नाही, उत्तरेला यॉर्कशरच्या बार्न्सडेलमध्ये राहतो. सरदार वगैरे नाही, योमन आहे. म्हणजे ना उमराव ना वेठबिगार, आपल्या हिमतीवर उभा असलेला माणूस. आणि त्याचा एक नेम आहे: पाहुणा आल्याशिवाय जेवायचं नाही. तुला आप्पांची आठवण येईल बघ. तर तो आपल्या टोळीतल्या लिटल जॉनला रस्त्यावर पाठवतो, जा, कोणीतरी घेऊन ये. पण नांगर धरणाऱ्याला हात लावायचा नाही, भल्या योमनला नाही, सज्जन सरदारालाही नाही. बिशप आणि आर्चबिशप दिसले तर सोडायचे नाहीत, आणि नॉटिंगहॅमच्या शेरिफला तर विसरायचंच नाही.

जॉन एका सरदाराला घेऊन येतो. एक पाय रिकिबीत, दुसरा लोंबकळतो आहे, टोपी डोळ्यांवर आलेली. हात धुऊन सगळे जेवतात. मग रॉबिन म्हणतो, सरदाराच्या जेवणाचे पैसे योमनने द्यावेत अशी रीत नाही, तुमच्याजवळ किती आहेत? सरदार म्हणतो, दहा शिलिंग. लिटल जॉन आपला झगा जमिनीवर पसरून त्यावर त्याची पेटी उलटी करतो, खरोखर दहाच शिलिंग निघतात. रॉबिन त्यातल्या एकालाही हात लावत नाही, उलट विचारतो, ही दशा कशी झाली? मुलाच्या हातून खून झाला, त्याला सोडवायला जमीन यॉर्कच्या सेंट मेरी मठाकडे ४०० पौंडांना गहाण टाकली, मुदत संपत आली. जामीन कोण? मेरीमातेखेरीज कोणी नाही. रॉबिन मेरीमातेचा भक्त. तेवढ्या जामिनावर तो ४०० पौंड मोजून देतो. वर कापड देतो, आणि लिटल जॉन ते कापड धनुष्याने मोजतो, दर मापाला तीन फूट जास्त सोडत. घोडा देतो. सोबतीला खुद्द जॉनला देतो.

वर्ष सरतं. परतफेडीच्या दिवशी रॉबिन उपाशी वाट बघतो. सरदार येत नाही. त्याला वाटतं, मेरीमाता माझ्यावर रागावली. तेवढ्यात त्याच मठाचा एक साधू रस्त्यावर सापडतो. जेवण होतं. तोच प्रश्न: तुमच्याजवळ किती? साधू म्हणतो, वीस मार्क, म्हणजे साधारण तेरा पौंड. जॉन पुन्हा झगा पसरतो. ८०० पौंडांहून जास्त निघतात. रॉबिन म्हणतो, मेरीमातेने दुप्पट करून पाठवले! आणि सगळे ठेवून घेतो. मग सरदार पोचतो, ४०० पौंड घेऊन. उशीर का झाला? वाटेत कुस्त्यांच्या फडावर एका योमनला परका म्हणून मारू पाहत होते, त्याला वाचवायला थांबलो. रॉबिन त्याचे पैसे घेत नाही. कर्ज फिटलंय म्हणतो, आणि साधूच्या पैशांतले ४०० उलट त्यालाच देतो.

सोहम, आता कागद-पेन घे. दिले ४००. आले ८००. त्यातले दिले ४००. हातात राहिले ते त्याचे स्वतःचे ४००. मुद्दल तेवढं परत आलं, वाढावा सगळा सरदाराचा झाला. खरं बोलला त्याचे दहा शिलिंग त्याच्याजवळच राहिले, खोटं बोलला त्याचे ८०० गेले. या सबंध गोष्टीत पैसे आधी गरिबाला मिळतात असं नाही, ते आधी खऱ्याला मिळतात. 'गरिबांचं त्याने पुष्कळ भलं केलं' हे वाक्य गाण्याच्या अगदी शेवटच्या ओळीत येतं. मठांची लूट तो गरिबांना द्यायचा, हे जॉन मेजर नावाच्या स्कॉटिश पंडिताने १५२१ साली इतिहासात लिहिलं. त्यानेच रॉबिनला सिंहहृदयी रिचर्डच्या काळात नेऊन बसवलं. गाण्यातला राजा एडवर्ड आहे. १५९८ मध्ये अँथनी मंडे या नाटककाराने रॉबिनला उमराव केलं. मला योमनच आवडतो. ज्याची जहागीर गेली तो ती परत मिळवायला लढतो. याची जहागीर नव्हतीच, तरी पाहुण्याशिवाय जेवत नव्हता.

तो होऊन गेला का, हेही तू विचारशील. आउटलॉ म्हणजे नुसता दरोडेखोर नव्हे. पुन्हा पुन्हा पुकारा होऊनही जो कोर्टात उभा राहिला नाही, त्याला कायद्यानेच वाळीत टाकत. त्याला 'लांडग्याचं डोकं' म्हणत, म्हणजे दिसला तर मारा. त्याची चीजवस्तू जप्त होई आणि तिची नोंद होई. यॉर्कशरच्या १२२६ च्या सरकारी हिशेबात अशी एक नोंद आहे: फरारी रॉबर्ट हॉड, मालमत्ता ३२ शिलिंग ६ पेन्स. तो आपलाच रॉबिन, हे कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. पण मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तो हाच असेल, तर त्याने स्वतःसाठी ठेवलेलं सगळं मिळून एवढंच होतं.

१२६२ ची नोंद याहून नवलाची आहे. बर्कशरमध्ये रॉबर्ट लोहाराचा मुलगा विल्यम फरारी झाला होता. पुढच्या कागदात कारकुनाने त्याचं नाव लिहिलं 'विल्यम रोबहुड'. म्हणजे फरारी माणसाला रॉबिन हूड म्हणायची पद्धत तोवर पडली होती. १३७७ च्या आसपास लँगलंड या कवीने एक आळशी धर्मगुरू रंगवला, ज्याला प्रार्थना धड येत नाही पण रॉबिन हूडची गाणी येतात. आणि १५४९ मध्ये बिशप लॅटिमर राजापुढच्या प्रवचनात कळवळून सांगतो, एका गावी मी प्रवचनाला गेलो तर चर्चला कुलूप! गावकरी म्हणाले, आज रॉबिन हूडचा दिवस आहे, सगळे गेलेत. गावोगाव मे महिन्यात त्याचे खेळ होत, चर्चसाठी पैसे जमवत. त्याची प्रेयसी मॅरियन त्या खेळांतूनच आली, आणि त्याआधी फ्रेंच मेंढपाळ-गाण्यांतून. सोहमच्या खेळात ती खांद्याला खांदा लावून लढते, ते मला आवडलं.

दादाला विचार, २००२ सालचा 'द लेजंड ऑफ शेरवूड' त्याला आठवतो का. तुम्ही नव्याने घेतलेल्या कॉम्प्युटरवर आम्ही दोघं एकाच खुर्चीत बसून खेळायचो. त्यात जितके शिपाई मारू तितके कमी लोक आपल्याला येऊन मिळत, नुसते बेशुद्ध पाडून सोडले तर टोळी वाढे. दादा चिडायचा, मी मात्र एकेकाला पैशांची थैली टाकून भुलवायची आणि ते आपापसांत भांडत बसायचे. जुनी गाणी रक्ताने भरलेली आहेत. ही मोजूनमापून केलेली दया त्यांत नाही, खेळ करणाऱ्यांनी ती घातली, आणि चांगलंच केलं.

आणि आता फक्त तुझ्यासाठी. कामावरच्या एका मैत्रिणीने मला १९९१ सालचा 'काँक्वेस्ट्स ऑफ द लाँगबो' हा रॉबिनचाच कॉम्प्युटरवरचा खेळ दाखवला. वेश पालटून शहरात शिरायचं, राजाच्या सुटकेसाठी खंडणी जमवायची. त्यात एक पट समोर आला: एकात एक तीन चौकोन, मधून जोडणाऱ्या रेघा, दोघांकडे नऊ-नऊ सोंगट्या, तीन एका रेषेत आल्या की समोरच्याची एक उचलायची. आई, ती नवकंकरी आहे! तू ओसरीच्या फरशीवर कोळशाने आखायचीस आणि चिंचोके विरुद्ध कवड्या लावायचीस, तीच. इंग्रज तिला 'नाइन मेन्स मॉरिस' म्हणतात, आणि इथल्या जुन्या कॅथीड्रलांच्या दगडी बाकांवर हा पट कोरलेला सापडतो. मैत्रीण नियम समजावून सांगायला लागली. मी म्हटलं, राहू दे, मला हे आईने शिकवलंय. तिला मी तीन डाव हरवलं.

तेव्हा पट्टी निघाली की सोहमला समोर बसव आणि तो पट आखून दे. डॉक्टरांनी मान खाली घालायला मनाई केली असेल तर पाटावर आखा आणि पाट टेबलावर ठेवा. तो खेळातल्या लुटीचं काय करतो तेही मला कळव. मी काही सुचवणार नाही, हिशेब त्याला दिलाय.

दादा-वहिनींना नमस्कार. आप्पांच्या फोटोला माझ्या वतीने हार घाल.

तुझी,
मंजू

ता. क. डोळ्यांत टाकायच्या थेंबांची वेळ चुकवू नकोस. चिंचोके नसतील तर वहिनीला सांग, माझ्या जुन्या कपाटात खालच्या खणात एका डब्यात कवड्या आहेत, बहुतेक सतरा. एक कमी पडेल, तिथे बटण लावा.