हजार वॅट कशाला?

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. जांबोटीकडच्या रेंजमुळं तुझं अर्धं बोलणं तुटत होतं, म्हणून लिहूनच कळवतो.

दुकानदार तुला नव्या कॉम्प्युटरसाठी 1000 वॅटचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा सप्लाय, घे म्हणतोय आणि भावजी म्हणतायत, कॅबिनेटबरोबर फुकट येतोय तोच बसव. दोघांचंही ऐकू नकोस. तू ठरवलंयस प्रोसेसर रायझन 5 7600 आणि ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स 4070. कार्डाचे 200 वॅट, प्रोसेसरचे फार तर 88, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून 50-60 धर. गेम भरात असला तरी सगळं साडेतीनशेच्या आसपास. तरी एनव्हिडिया या कार्डाला 650 चा सप्लाय सांगते, आणि ते उगीच नाही. कार्ड मधूनच क्षणाच्या बारक्या तुकड्यापुरती आपल्या आकड्याच्या बरीच वर उसळी मारतं. तेव्हा तोकडा सप्लाय सरळ बंद पडतो आणि आपण विंडोजला शिव्या घालत बसतो. 2022 साली आलेल्या एटीएक्स 3.0 या सप्लायच्या मानकामध्ये 16 पिनच्या केबलवाल्या मोठ्या सप्लायनं दुप्पट उसळी 100 मायक्रोसेकंद झेलावी अशी अटच आहे. खोक्यावर ते बघून 650 चा घे. पुढं मोठं कार्ड घालायचं डोक्यात असेल तर 750. हजारचा म्हणजे चौघांच्या घरात लग्नाचं पातेलं. त्यानं हेस्कॉमचं बिल वाढत नाही म्हणा, मशीन मागेल तेवढीच वीज तो ओढतो. पण खिसा मात्र हलका होतो.

फुकटच्या डब्याचं लेबल वाच. वर मोठ्या अक्षरात 450 असेल, पण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही 12 व्होल्टवर जगतात. तिथं 20 अँपिअर लिहिलं असेल तर झाले 240 वॅट. बाकीचा आकडा 5 आणि 3.3 व्होल्टचा, तुझ्या काही कामाचा नाही. चांगल्या 650 वाल्यावर 12 व्होल्टला 54 अँपिअरच्या आसपास दिसतील. ब्रॉंझ, गोल्ड हे शिक्के वीज किती वाया जाते एवढंच सांगतात, टिकाऊपणाचं नाही. ब्रॉंझ चालेल, वॉरंटी मात्र 5 वर्षांची बघ.

आता खरी गोष्ट. तुमच्याकडं पावसाळ्यात फांदी पडली की लाईट गेली, आणि तू घरातल्या 600 व्हीए यूपीएसवर भागवणार म्हणतोस. तो यूपीएस साधारण 360 वॅटच देतो. मशीनला साडेतीनशे लागले तर एसएमपीएसमधली गळती धरून भिंतीतून 400 निघतात, वर मॉनिटरचे 30. गेम चालू असताना लाईट गेली की यूपीएस एक चित्कार काढून मान टाकणार. निदान 1000 व्हीएचा घे, आणि जमलं तर प्युअर साइनवेव्हवाला, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा. स्वस्तातले यूपीएस बॅटरीवर चौकोनी लाट देतात आणि आजच्या चांगल्या, ॲक्टिव्ह पीएफसीवाल्या (वीज नीट ओढायचं सर्किट असलेल्या) सप्लायना ती कधीकधी सोसत नाही. बॅटरी भरलेली असूनसुद्धा मशीन बंद! इन्व्हर्टरवर चालवणार असलास तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेव. चांगला सप्लाय वीज गेल्यावर साधारण 15 मिलिसेकंद दम धरतो, तेवढ्यात इन्व्हर्टरनं ताबा घ्यायला हवा.

आणि मर्दा, जुन्या घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर तिसरी पिन नावालाच आहे असं समज. माझ्या मते हजारच्या सप्लायपेक्षा तो खर्च आधीचा.

जुन्या मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणाऱ्या, सप्लायच्या केबल नव्याला लावू नकोस. टोक बसतं, पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि डिस्क जळते.

खरेदीला बेळगावातच ये, कोल्हापूरपर्यंत कशाला जातोस? वॉरंटीला परत तिथंच पळावं लागेल. शनिवारी आलास तर मी मोकळा आहे. पैसे द्यायच्या आधी लेबलचा फोटो तेवढा पाठव. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
राजू