दादा, सईच्या नर्सिंगबद्दल

शिकागो

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

सईने बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली हे वहिनीकडून कळलं आणि फार आनंद झाला. पण परवा फोनवर तू म्हणालास, "नर्सच व्हायचं तर आयसीयूत तरी जावं. बाळंतपणं काय, पूर्वी सुईणीही करायच्या." ते मनाला लागलं. तेव्हाच बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

इथेही हेच ऐकते. आमच्या लेबर रूममध्ये, म्हणजे बाळंतपणाच्या विभागात, पेशंट कमी असले की आम्हाला दुसऱ्या वॉर्डात पाठवतात. तिथे कुणीतरी म्हणतंच, "तुमचं बरं, बाळं खेळवायची." मागे मी आयसीयूसाठी अर्ज केला होता. गंभीर पेशंटचा अनुभव नाही, या कारणाने तो नाकारला.

दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जातं. वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही, तर बाई बघता बघता हातची जाते. आपली पणजी अशीच गेली ना? अशा वेळी एका हाताने पोटावरून गर्भाशय चोळत डॉक्टरांना हाक मारायची, गर्भाशय आवळायला लावणारं ऑक्सिटोसिन चालू करायचं, भिजलेले पॅड वजनकाट्यावर ठेवून किती रक्त गेलं ते मोजायचं. बीपी वाढून झटक्यांची भीती असेल तर मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते अंगात जास्त झालं तर श्वास बंद पडतो. म्हणून गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का, श्वास किती, लघवी किती, हे पुन्हा पुन्हा तपासायचं. हे पेशंट गंभीर नाहीत तर कोण गंभीर?

आणि बाळ तर दिसतही नाही. त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० मध्ये हवेत. कळ ओसरत आली तरी ते खालीच रेंगाळायला लागले, की कळांची ड्रिप थांबवून बाईला कुशीवर वळवते आणि डॉक्टरांना बोलावते. डॉक्टर येईपर्यंत खोलीत मीच असते. पोटावर बांधलेल्या मॉनिटरच्या पट्ट्याला कळ कधी आली ते कळतं, किती जोराची ते कळत नाही. ते हाताला कळतं. पुण्यात रास्ता पेठेत आपली आत्या घड्याळ समोर ठेवून, बाईच्या पोटावर हात ठेवून दहा मिनिटांतल्या कळा मोजायची. मी ते तिच्याकडूनच शिकले. एवढी वर्षं तिने लेबर रूम सांभाळली, पण घरात तिला कुणी कधी विचारलं नाही की आज काय झालं. मीही लहानपणी नाही विचारलं.

सईला एक दिवस आत्याकडे पाठव. तिथे तूही बस. पुढे कुठल्या विभागात जायचं ते आत्ता ठरवावं लागत नाही, ते तिचं तिला ठरवू दे. फीची काळजी करू नकोस, थोडा भार मी उचलेन.

वहिनीच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का? कळव.

तुझी,
ताई नव्हे, धाकटी
मनू