कारण न लिहिलेलं पाकीट

चि. आशिष यास पप्पांचा सलाम.

तू रात्रीच निघालास, ताट तसंच राहिलं. सकाळी मम्मीने तुझी भाकरी कुत्र्याला घातली नाही, दुधात कुस्करून स्वतः खाल्ली. दूध तिला मोजून आहे, माहीत आहे ना तुला. मी काही बोललो नाही.

पुण्यात पोचल्याचा मेसेज मम्मीला आला, मला नाही. बरोबरच आहे. मी फोन केला असता, पण बोलायला लागलो की माझा आवाज चढतो. ३१ वर्षं एसटीच्या इंजिनाच्या वरताण बोललो, आता खाली येत नाही. म्हणून लिहितोय. मम्मीसाठीच्या त्या किडनी अदलाबदलीच्या यादीबद्दल यात एक अक्षरही काढायचं नाही, असं ठरवूनच बसलोय.

ताटावरच्या प्रार्थनेत माझ्या तोंडून जे गेलं ते परत घेता येत नाही. "या अन्नाबद्दल, आजच्या दिवसाबद्दल" इथवर रोजचंच होतं, जीभ आपली आपण चालते. पुढे "आशिषचा रक्तगट जुळला नाही याबद्दल तुझी उपकारस्तुती करतो" हे कसं आलं, मला कळलं नाही. आमेन कोणीच म्हणालं नाही. मम्मीचे डोळे मिटलेलेच होते. तू उठलास. "ती तिकडे सुया टोचून घेते आणि तुम्ही आभार मानता?" असं म्हणालास. मोठ्यांशी असं बोलू नये, हे मी तुला शिकवलं आहे. पण तू चुकीचं काय बोललास, ते मला चार दिवस शोधून सापडलं नाही.

आणखी एक सांगतो, म्हणजे बाहेरून कळायला नको. रिपोर्ट आला त्या रविवारी मी चर्चच्या दानाच्या थैलीत पाकीट टाकलं होतं, ५०१ रुपये. आपल्या मंडळीत पाकिटावर कारण लिहितात. मुलाला नोकरी लागली, ऑपरेशन पार पडलं, बोअरला पाणी लागलं. मी नुसतं 'उपकारस्तुती' लिहिलं. पाळकसाहेबांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि "एका कुटुंबाकडून" एवढंच वाचलं. मम्मी माझं अक्षर ओळखते.

दोन दिवसांनी रिक्षात तिने विचारलं, "तुम्ही आभारच मानले ना? मागितलं तर नव्हतं?" मी म्हणालो, नाही.

मागितलं होतं. तुझं रक्त तपासायला दिलं त्या रात्री अंगणात उभं राहून मागितलं. हे तिला सांगू नकोस. किंवा सांग, मला आता लपवायचा कंटाळा आला आहे.

तुला वाटत असेल, या माणसाला बायकोचं काही नाही. आठवड्यातून तीन वेळा मीच तिला डायलिसिसला नेतो, चार-चार तास बाहेरच्या बाकावर मीच बसतो. माझी किडनी चालली असती तर त्याच दिवशी दिली असती. माझा गटही ए आणि वर शुगर, डॉक्टरांनी पुढचं वाक्यसुद्धा बोलू दिलं नाही. मग तू उभा राहिलास. कोणी सांगितलं नव्हतं, ऑफिसात रजा टाकून उभा राहिलास. तेव्हा मला किती अभिमान वाटला, हे बोलायचं राहून गेलं. भीतीने आधी तोंड उघडलं.

एका किडनीवर माणूस नीट जगतो, हे डॉक्टरांनी मला चित्र काढून समजावलं. पण मी ड्रायव्हर आहे रे. स्टेपनी काढून दिलेली गाडी मी कधी घाटात घातली नाही.

तू सात वर्षांचा असताना कापणीच्या सणाला आपली पिवळी कोंबडी घेऊन गेला होतास, आठवतं? सगळे ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी आणत होते. तू म्हणालास, आपलं सगळ्यात चांगलं द्यायचं असतं. रविवारच्या शाळेत तसं शिकवलं होतं. वेदीपुढे पाय बांधून ठेवली तोवर तू ताठ उभा होतास. उपासना संपून बाहेर लिलाव सुरू झाला, तेव्हा तुझा खालचा ओठ हलायला लागला. ग्रामसेवक दोनशेवर गेले. मी तीनशे दहा म्हणालो. बाजारात तिचे ऐंशीसुद्धा कोणी दिले नसते, सगळी मंडळी हसत होती. तू दिलीस आणि मी विकत घेऊन परत आणली. तू रात्रभर विचारत होतास, "मग देवाला पोचली की नाही?" मी म्हणालो, पैसे पोचले. आठ दिवसांनी तिला मुंगसाने नेलं.

ही गोष्ट मी सणाला दरवर्षी हसत सांगतो. या वेळी सांगणार नाही.

आजीची आठवणही याच दिवसांत येते. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मी आठ वर्षांचा. मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी घशाखाली उतरत नव्हती. आजी प्रार्थनेत ती गोड आहे असं कधी म्हणाली नाही. म्हणायची, "प्रभू, भाकर लाल आहे, लेकरं खाईनात. पण भाकरी पाच हाईत अन् माणसंबी पाच हाईत." दुष्काळाचे आभार तिने मानले नाहीत, मोजून भाकरींचे मानले. शास्त्रातही 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं आहे, सर्व स्थितीबद्दल करा असं नाही. तूही डबा उघडलास की क्षणभर मान खाली घालत जा. तिथे लोक काय म्हणतील याची लाज बाळगू नकोस. रात्री मोटारसायकलवरून उतरलास की एवढं तरी म्हण, की पोचलो. मी डेपोत गाडी लावल्यावर स्टिअरिंगवर हात ठेवून रोज म्हणायचो. तू रात्री किती वाजता येतोस, हेल्मेट

पुन्हा सुरू झालो. सोड. ज्याच्या प्रार्थनेला घरात कोणी आमेन म्हणालं नाही, त्याने प्रार्थना शिकवू नये. लूकच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातला, स्वतःला धार्मिक मानणारा परूशीसुद्धा आभारच मानत उभा होता, आणि घरी नीतिमान ठरून गेला तो जकातदार. इतक्या वर्षांत हा उतारा कितीदा ऐकला, प्रत्येक वेळी परूशी दुसराच कोणीतरी असायचा.

उपकारस्तुती खरी मम्मीला येते. कालनिर्णयच्या चौकटीत ती बारीक अक्षरात लिहिते, तू पाहिलं आहेस का? 'सुई एकदाच.' 'वजन दोनच किलो वाढलं.' 'लाइट गेली नाही.' एकदा 'बर्फाचा तुकडा' एवढंच. दिवसाला लिटरभर पाणी असलेल्या माणसाला तो केवढा असतो, हे मला त्या चौकटीवरून कळलं. महात्मा फुले योजनेत डायलिसिसचे पैसे पडत नाहीत, तेही तिने एकदा लिहून ठेवलं आहे. तू आलास त्या दिवसाच्या चौकटीत 'आशिष आला' आहे. रात्रीचं काही नाही.

यादीबद्दल लिहायचं नाही म्हणालो होतो. पण तू नाव घातलंस का? यादीचं काम बघणाऱ्या त्या बाईंनी मला पुन्हा समजावलं. दुसऱ्या घरातलं कोणी मम्मीला देणार, तू त्यांच्या माणसाला. २०११ च्या दुरुस्तीपासून कायद्यात बसतं. पण मम्मीच्या ओ गटाला जोडी लवकर मिळत नाही म्हणाल्या, कारण ओ गटवाल्याची किडनी कोणत्याही गटाला चालू शकते, म्हणून तो बहुतेक आपल्याच माणसाला देतो. हे ऐकलं आणि आशिष, माझ्या छातीत पुन्हा तेच हलकं झालं. शेजारी मम्मी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. असल्या बापाला काय म्हणावं?

पिंट्या गेला त्या वेळी मी 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले' एवढं म्हणालो होतो. त्याच्या पुढचे, देवाच्या नावाला धन्य म्हणणारे शब्द मी अजून म्हटलेले नाहीत. तू हे लक्षात घे. घेऊ नकोस, ते ओझं तुझं नाही.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर घेऊन त्याने उपकारस्तुती केली आणि ती मोडली, पाळकसाहेब नेहमीसारखं म्हणाले. 'हे माझे शरीर आहे, हे तुमच्यासाठी आहे.' मी तबक पुढे जाऊ दिलं. मम्मीने माझ्याकडे न बघता दोन तुकडे उचलले आणि एक माझ्या हातात ठेवला.

परवा संध्याकाळी तिने माझी बोटं धरून आपल्या फिस्टुलावर, डायलिसिसच्या सुया टोचतात त्या हातातल्या शिरेवर, ठेवली. कातडीखाली बारीक गुणगुणल्यासारखं लागतं, गाडी न्यूट्रलला उभी असली की गिअरच्या दांड्यात लागतं तसं. गुणगुणतंय म्हणजे चालू आहे, म्हणाली. मी बराच वेळ हात काढला नाही.

कापणीच्या सणाला ये. काही आणू नकोस, या वर्षी दोन दुधी आहेत वेलावर. आणि नाव घातलंस की नाही ते मला कळव, फोनवर नको, मम्मी स्पीकर लावते. घातलं असशील तर तुझ्याबरोबर सहीला कोण लागतं, कोणते कागद लागतात, तेही लिही. मला झेरॉक्स काढून ठेवता येतील.

तुझे
पप्पा